दुर्गाबाईचं दुखणं

भातकुलीच्या सूर्यभाननं गेल्या सालच्या दिवाळीत घराभोवती पुरुषभर उंच भिंत घातली आणि बायकोला सांगून टाकलं, "आता तुले वावरात यायचं काम नाही, दुर्गे. कापूस वेचाले रोजदारनी सांगितल्या."

साता समुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. कुणी नवे बैल घेतले, कुणी माडी चढवली. सूर्यभानच्या मनात एकच होतं. देशमुखांघरच्या बायांना जसं ऊन लागत नाही, तसं आपल्या दुर्गालाही लागू नये.

पहिले काही दिवस दुर्गाला बरं वाटलं. बोंडांच्या टोकांनी सोलवटलेली बोटं मऊ झाली. पाणी भरायला बाई, दळायला बाई. पण पुढं तिचं जेवण तुटलं. गव्हाची पोळी आणि तूप ताटात असून घास तोंडातल्या तोंडात फिरे. बसल्या जागी छाती धडधडे. दुपारभर पेंगायची आणि रात्री आढ्याकडं बघत पडायची.

सूर्यभान घाबरला. डिंकाचे लाडू झाले, गाईचं निरसं दूध झालं. शेजारच्या पार्बताबाईनं मीठमोहऱ्या उतरवल्या. शेवटी अमरावतीहून वैद्यबुवांना छकड्यात बसवून आणलं. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, "काय होतं?"

दुर्गा तोंड उघडणार तोच सूर्यभान म्हणाला, "भूक नाही, झोप नाही, महाराज. काम तर काडीचं नाही तिले."

"वात वाढलाय," वैद्यबुवा म्हणाले. "काढा देतो. तूप वाढवा, आणि वारा लागू देऊ नका."

सूर्यभाननं त्याच दिवशी खिडकीला बारदान लावलं.

मागच्या दारानं जयवंता माळीण भाजी घेऊन यायची. वयानं दुर्गाच्या आईएवढी. तिचा मळा सूर्यभानच्या वावराला लागून होता आणि इतकी वर्षं दोघी एका निंबाखाली भाकर खात आल्या होत्या. दोन दिवसांनी सकाळी ती टोपली टेकवून उंबऱ्यातच बसली आणि पाय चोळू लागली. घोटे सुजून गेले होते.

"मावशे, यंदा पऱ्हाटीले कापूस कसा आहे वं?" दुर्गानं विचारलं.

"पांढरं फट्ट झालं वावर. कावून, तुह्या मालकानं सांगतलं नाही?"

"सांगतात ना. पण पाह्यलं नाही मी." दुर्गानं बारदान लावलेल्या खिडकीकडं पाहिलं. "मावशे, मी वाळून राहिली वं इथं. कोणाशी बोलू? भिंतीशी?"

जयवंता तिच्याकडं बघतच राहिली. "पोरी, तुले खरं सांगू का? मी रोज देवाजवळ मागतो, एक दुपार मले आडवं पडू दे. बस, एक. अन् तुले पडून पडून दुखणं आलं!" ती हसली, पण दुर्गाचा चेहरा पाहून हसू आवरलं. "तुह्यं खोटं नाही म्हणत मी. ज्याचं त्याले ठाऊक."

जयवंता गेल्यावर वावराकडून वेचणाऱ्या बायांच्या गाण्याचा आवाज आला. ओळ ऐकू येईना, नुसती चाल येत होती. दुर्गानं काष्टा घट्ट केला, वेचणीचं जुनं फडकं कमरेला बांधलं आणि भर सकाळी, गावच्या रस्त्यानं, चालत निघाली. पारावरची माणसं बोलता बोलता थांबली. तिला धाप लागली, दोनदा बसावं लागलं. पण ती वळली नाही.

बायांनी पऱ्हाटीची एक ओळ तिला मोकळी करून दिली. हात पहिल्यांदा अडखळले, मग आपोआप चालू लागले. निंबाखाली शिदोऱ्या सुटल्या तेव्हा तिनं कुणाचीतरी जवारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली, आणि आणखी मागितली.

तेवढ्यात गाडी घेऊन सूर्यभान आला. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला. तिला वावराच्या कडेला धुऱ्यावर नेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "लोकाईत तोंड दाखवाची सोय ठेवली नाही तू."

"लोकाईचं राहू द्या. तुमाले काय वाटते ते सांगा."

तो खाली बसला. "माही माय इथंच पडली. पोटुशी होती, डोक्यावर भारा होता. मी लहान. पाणी आणेपर्यंत गेली. मले वाटलं, हाती पैसा आला तर माह्या बायकोले असं मरू देणार नाही."

हे त्यानं लग्नापासून कधी सांगितलं नव्हतं. दुर्गा त्याच्या शेजारी बसली.

"मले भारा नका देऊ," ती म्हणाली. "ऊन तापलं की घरी येतो. पण सकाळी येऊ द्या. मले माणसं पायजेत, वावर पायजे. इथं मी आज भाकर खाल्ली, पुसा त्याईले."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तो अंगणात बैलांना पेंड घालत होता, आणि मान वर न करताच त्यानं तिला जाऊ दिलं.

त्या हंगामात दुर्गा सकाळी वेचायला जाऊ लागली. काही घरांनी नावं ठेवली. पार्बताबाईनं तर बोलणंच टाकलं. वैद्यबुवा पुन्हा आले तेव्हा तिचं भरलेलं अंग पाहून काढा लागू पडला म्हणाले, आणि सूर्यभाननं खुशाल मान डोलावली. काढा तो अजूनही पाजायचाच. दुर्गा निमूट प्यायची.

दुपारी बाजारातून परतणाऱ्या जयवंताला मात्र ती हाताला धरून ओसरीवर आणायची आणि पलंगावर आडवं पाडायची. पहिल्या दिवशी जयवंता संकोचली. दुसऱ्या दिवशी घोरू लागली.

माघात एकदा दुर्गाला ताप भरला. सूर्यभान तीन दिवस उशाशी बसून होता. 'मी म्हटलं नव्हतं का' हे त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसत होतं, पण तो ते बोलला नाही. ताप उतरल्यावर तिनं पुन्हा कमरेला फडकं बांधलं. सूर्यभाननं पाण्याची घागर उचलली आणि तिच्यापुढं दोन पावलं टाकत वावराची वाट धरली.