पट्टीखालचा दिवा

मी कपाटावरचा सर्व्हर बोलतोय. बोलतोय म्हणजे आपलं म्हणायचं. मला तोंड नाही. एक बीप होता, तोही पहिल्या मालकांनी बंद करून टाकला. माझ्या पोटात फोटो-व्हिडिओ साठवायच्या दोन डिस्कची जागा आहे, पाठीला पंखा आहे आणि पुढे एक दिवा. दिवा हिरवा असला की सगळं ठीक, लाल झाला की काहीतरी बिघडलं. एवढीच माझी भाषा. ती कळायला शिकावं लागत नाही, फक्त बघावं लागतं.

माझी उमेदीची वर्षं दातांच्या एका दवाखान्यात गेली. शहरातल्या निम्म्या लोकांच्या दाढांचे फोटो माझ्या पोटात होते. माणूस बाहेर कितीही रुबाबात वावरो, त्याची कुठली दाढ किडली आहे ते मला ठाऊक असायचं. पण मी कधी चकार शब्द काढला नाही. एकदाच काय तो बीप केला, तर खुर्चीतला पेशंट दचकला आणि डॉक्टरांच्या बोटाला चावला. त्याच दिवशी माझा आवाज बंद झाला.

पुढे दवाखान्याचे सगळे फोटो इंटरनेटवरून कुठेतरी दूर साठवायला लागले आणि माझी एक डिस्क काढून घेऊन मला खोक्यात घातलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यानेच मला घराबाहेर काढलं. जुन्या सामानाच्या दुकानात एका प्रिंटरच्या आणि टेलिफोनांच्या ढिगाच्या मधे मी बसून राहिलो. गिऱ्हाईकं मला उचलून बघायची, रेडिओ नाही हे कळलं की परत ठेवायची.

एक दिवस एक मुलगी आली. तिने मला उलटं केलं, पंख्याच्या जाळीला नाक लावून वास घेतला, वायर जोडून कान देऊन ऐकलं. कॉम्प्युटरमधली होती, जाणकार. दुकानदार माझं कौतुक करत होता तिकडे तिचं लक्षच नव्हतं. जाताना मी तिच्या पिशवीत होतो.

ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि चार दिवसांसाठी आईवडिलांकडे आली होती. आई इस्पितळात नर्स. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पत्रं वेगळी करून ज्या त्या खणात टाकली होती. घरातसुद्धा त्यांचा तोच खाक्या. प्रत्येक वस्तूला एक जागा आणि प्रत्येक जागी एकच वस्तू. घरात दोन कात्र्या निघाल्या तर ते एक शेजारी देऊन येत.

मुलीने आधी माझं पोट साफ केलं. सगळ्या दाढा एका झटक्यात गेल्या. खरं सांगतो, मला भीती वाटली. आठवणी पुसल्यावर आपलं काय उरतं, हा प्रश्न पडायला माणूसच असावं लागतं असं नाही. मग तिने माझ्यात नवं सामान घातलं. बाबांच्या फोनमध्ये त्यांच्या बहिणीचे चाळीसेक व्हिडिओ होते. फोन म्हातारा झाला होता, मधेच बंद पडायचा. त्या व्हिडिओंसाठीच मला आणलं होतं.

ही बहीण म्हणजे मुलीची आत्या. ती मागच्या वर्षी गेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. शाळेत तिला कुणी घातलंच नाही. मग लहानपणी तिने आणि बाबांनी मिळून हातांची एक भाषा केली. बाबांचं नाव म्हणजे कपाळावर टिचकी. वहिनीचं, म्हणजे मुलीच्या आईचं, नाव म्हणजे मनगटावर दोन बोटं, नाडी बघतात तशी. ही भाषा कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या शाळेत नाही. ती येणारी माणसं जगात दोनच होती. आता एक उरलं होतं.

मुलगी निघताना म्हणाली, "बाबा, यात डिस्क एकच आहे आणि तीही जुनी. मी नव्या दोन पाठवते, म्हणजे तेच दोन ठिकाणी राहील. तोवर फोनमधलं काही काढू नका."

बाबांनी मान हलवली. ती गाडीत बसली असेल नसेल, त्यांनी फोन काढला. चाळीस व्हिडिओ इथे आणि तेच चाळीस तिथे, हे त्यांना बघवेना. त्यांनी फोनमधले सगळे काढून टाकले. खण मोकळा झाला, ते समाधानाने जेवायला बसले. मी वरून बघत होतो. मला हात असता तर मी तो कपाळावर मारून घेतला असता.

तिकडे मुलगी कामात बुडाली आणि डिस्क पाठवायचं राहून गेलं.

नव्याचे नऊ दिवस बरे गेले. दर रविवारी बाबा टीव्ही लावत. माझ्याकडून व्हिडिओ टीव्हीवर जात आणि आत्या बोलायला लागे. खोलीत आवाज फक्त माझ्या पंख्याचा. बाबा खुर्चीत पुढे सरकून तिला हातांनी उत्तरं देत, मधेच हसत, मधेच वाद घालत. आई दारातून बघायची आणि कामाला लागायची. तिला त्या भाषेतले पाच-दहा शब्द येत होते. पाणी, जेवण, दुखतंय. आजारपणात आत्याचं सगळं तिनेच केलं, तेवढ्यापुरते.

मग माझी डिस्क दुखायला लागली आणि मी दिवा लाल करून लुकलुकवत ठेवला. दुसरं करणार काय? आई नुकतीच ड्युटीवरून येऊन दुपारची आडवी झाली होती. इस्पितळात दिवसभर दिवे लुकलुकताना बघायचे आणि घरीही तेच. ती वैतागून उठली, पर्समधून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली आणि माझ्या दिव्यावर फर्रकन चिकटवली. तिला वाटलं, असाच लुकलुकत असतो हा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण हे तिला सांगणार कोण? पट्टीखाली मी लालच होतो. बीप तर दवाखान्यातच गेला होता. त्या दिवसांत मला आत्या फार जवळची वाटली.

एका रविवारी आत्याचा हात टीव्हीवर हवेतच थांबला. बाबांनी टीव्हीला दोन थापट्या दिल्या. मी धडपडत होतो. टक करायचो, अडायचो, पुन्हा टक. आई पलंगावर पडली होती. ती उठून बसली.

"अहो, हा कण्हतोय."

"मशीन आहे ते. मशीन कशाला कण्हतंय?"

तिने स्टूल घेतलं, माझ्या पाठीवर पालथा हात ठेवला. मी तापलो होतो. मग तिने पट्टी ओढून काढली. लाल दिवा बघून ती तशीच स्टुलावर उभी राहिली. म्हणाली, "मीच झाकला हो याला."

मुलीला फोन लागला. ती घाबरली नाही. म्हणाली, "ठीक आहे. फोनमध्ये आहेत ना सगळे?"

बाबांनी खिशातला फोन चाचपला. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती रागावली नाही. रागवायला वेळही नव्हता. मुलगी सांगत गेली तसं आईने घरातला लॅपटॉप मला जोडला. मला बंद करायचं नाही, सगळं एकदम मागायचं नाही, एकेक व्हिडिओ घ्यायचा. डिस्क किती टिकेल याचा नेम नव्हता.

"आधी कुठला?" आईने विचारलं. अपघाताचे पेशंट एकदम आल्यावर विचारते तसंच. "तुम्हीच सांगा. जास्त शब्द ज्यात आहेत ते आधी."

बाबांनी जन्मभर लाखो पत्रं डोळे झाकून लावली असतील, पण त्या दिवशी ते प्रत्येक व्हिडिओपाशी अडत होते. त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक दिलं. स्वतःची फुशारकी नाही, पण जीव खाऊन दिलं. आई एक हात माझ्या पाठीवर ठेवून उभी होती. त्याने डिस्कला काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरीही बरं वाटलं.

शेवटचा मात्र निघाला नाही. सायकलची गोष्ट होती ती. लहानपणी दोघं शेजाऱ्याच्या सायकलवरून गटारात पडले होते. बाबांनी तो व्हिडिओ मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्यात आत्या खोटं सांगते असं त्यांचं म्हणणं. तिच्या गोष्टीत बाबा रडतात आणि ती त्यांना ओढून बाहेर काढते. त्यावरून दोघांचं जन्मभर भांडण होतं. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. टक, टक, आणि मग काहीच नाही.

बाबा खाली मान घालून बसले. "तो नको म्हणून नव्हता ठेवला गं शेवटी," एवढंच म्हणाले.

आई त्यांच्यासमोर खाली बसली. तिने फोन उभा करून ठेवला, चित्रीकरण सुरू केलं. "तुम्हाला येते ना ती गोष्ट? मला सांगा. वन्सं सांगायच्या तशी."

"तुला कळणार नाही."

"नाही कळलं तर विचारीन."

बाबांनी हात उचलले. सायकल, उतार, गटार. आई अडायची, खूण करायची, ते पुन्हा दाखवायचे. शेवटी तिने स्वतःच्या हातांनी विचारलं, चुकतमाकत, डोळ्यांखाली बोट ओढून: रडलं कोण?

बाबांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली.

आता माझ्यात दोन नव्या डिस्क आहेत. मुलगी स्वतः येऊन बसवून गेली, सगळ्याची एक प्रत तिच्या घरीही घेऊन गेली. एकाच वस्तूला तीन जागा, तरी बाबांनी एकही मोकळी केली नाही. जुनी डिस्क त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे, तिच्या स्वतःच्या खणात.

मीही काही कायमचा नाही. उद्या माझा पंखा थांबेल, पुन्हा दुकानाची फळी दिसेल. त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे की तुमच्या घरात असं कुणी बिनतोंडाचं असेल, तर त्याच्या दिव्यावर पट्टी लावण्याआधी एकदा रंग बघा.

आज रविवार आहे. टीव्ही बंद आहे. बाबा आणि आई समोरासमोर बसलेत, कशावरून तरी जोरात वाद चाललाय, आणि खोलीत आवाज फक्त माझ्या पंख्याचा आहे.