तिसरं ठिगळ

फुस्स झालं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवसांतलं हे तिसरं पंक्चर, तेही याच चढावर! सायकलीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन, हँडल धाकट्या दिराच्या हाती आणि मागून ढकलायला ती. डेअरीचं फाटक आठला बंद होई. काल आणि परवा दूध परत न्यावं लागलं होतं. आजही उशीर झाला तर उद्यापासून तुमचं दूध बंद, असं डेअरीवाल्याने बजावलं होतं.

दिराला गावात इंजिनेर म्हणत. चेष्टेने म्हणत, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

"ट्यूबच कुजकी आहे, वहिनी." त्याने चमच्याच्या दांड्याने टायर उचकटला, ट्यूब ओढली, थुंकी लावून भोक शोधलं. "दोन मिनिटांत ठिगळ मारतो."

"कालही दोनच मिनिटं होती."

"बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं? तुम्ही कॅन सांभाळा."

थोरली कॅन सोडून ट्यूबवर वाकली. परवाचं ठिगळ, त्याला खेटून कालचं, त्याला खेटून आजचं भोक. ट्यूब काय एकाच जागी कुजते? तिने त्याच जागेशी टायरच्या आत बोट फिरवलं आणि कळवळून हात मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं. आत काटा रुतून बसला होता, बाहेरून दिसतही नव्हता. तिने तो उपसून काढला.

"मेल्या, काटा टायरात ठेवून रोज ट्यूबला ठिगळं लावतोस? रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दोन दिवसांचं दूध नासवलंस, वर मलाच अक्कल शिकवतोस?"

दिराने ठिगळ चिकटवलं. हवा थोरलीनेच भरली, पंपाच्या दर दट्ट्याला एक शिवी हासडत. मग दोघं ऊर फुटेस्तोवर पळाली. फाटक अर्धं लागलं होतं, तेवढ्यात सायकल आत घुसली.

"आज कसं जमलं बुवा?" कॅनचं झाकण उघडत डेअरीवाल्याने विचारलं.

"टायरात काटा होता," इंजिनेर छाती फुगवून म्हणाला. "शेवटी शोधलाच मी."

थोरलीने बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "मग हे रक्त कुणाचं?"

डेअरीवाला खो खो हसला. थोरली हसली नाही. तिने रिकामे कॅन सायकलीला अडकवले, पदर खोचला आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच सीटवर बसली.

"उद्यापासून हँडल माझं, ढकलायचं तुझं," ती म्हणाली. "आता ये चालत."