साडेसातशे ग्रॅम

ल्युबाची जाड स्लीपिंग बॅग बदलून तिला पातळ घ्यायला मी लावलं, हे गावात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही नव्हतं. आणि ल्युबा तीन सप्टेंबरपासून जॉर्जियात, कॉकेशसच्या डोंगरांत बेपत्ता होती.

आमचं दुकान बेस्कीड डोंगरांच्या पायथ्याशी, चर्चच्या चौकात आहे. इथली पोरं कॉलेज संपलं की महिना-दोन महिने परदेशात तंबू ठोकून राहायला जातात आणि निघण्याआधी सगळं सामान घेऊन माझ्यापुढे हजर होतात. मी एकेक वस्तू काट्यावर ठेवते, कागदावर वजन लिहिते आणि नको ते बाहेर काढते. टूथब्रशची दांडीसुद्धा कापायला लावते. चार लोक बघायला थांबतात, पोरांची चेष्टा करतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? वीस किलो घेऊन आलेला गडी बारा किलो घेऊन गेला की मला शिंगं फुटायची.

जुलैत ल्युबा आली. चोवीस वर्षांची, काटक, बडबडी. तिने जाड स्लीपिंग बॅग उचलली होती. मी म्हटलं, ही सतराशे ग्रॅमची आहे, उन्हाळ्यात काय करायची? पातळ घे, साडेनऊशेची.

"बाबांना शब्द दिलाय गं, जाडच घेईन म्हणून," ती म्हणाली.

"मग बाबा येणारेत का तुझी सॅक उचलायला?"

दुकानात हशा पिकला. तीही हसली, जरा लाजली, आणि मी कागदावर 'जाड' खोडून 'पातळ' लिहिलं. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या वाटेवरच्या खिंडीत बर्फ पडला. दोन आठवडे शोध झाला, मग तिथल्या लोकांनी थांबवला. तेव्हापासून मला धड झोप नाही.

काल सकाळी दुकान उघडलं आणि तिचे वडील दारात उभे. ओताकारकाका, त्रेसष्ट वर्षांचे, लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेले. एक गुडघा कामातून गेलेला.

"सॅक दाखव, ब्लांका. मोठी," ते म्हणाले. "गुरुवारचं विमान आहे. महिनाभर तंबूत राहीन. शोध त्यांनी थांबवलाय, मी नाही."

मी त्यांच्या पाठीचं माप घेतलं, एक सॅक काढली, आत वाळूच्या पिशव्या भरल्या आणि त्यांच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा आवळला.

"भार खांद्यावर नको, काका. कमरेवर येऊ द्या."

"चाळीस वर्षं ओंडके उचललेत मी. मला ओझं शिकवतेस?"

"ओंडका दमलात की टाकता येतो. ही नाही टाकता यायची."

"जीभ बाकी तुझी आहे तशीच आहे," ते म्हणाले आणि तळघराच्या जिन्यावर चढ-उतार करायला गेले. दुसऱ्या फेरीला कठडा धरून उभे राहिले. मी तिकडे बघायचं टाळलं.

वर आल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्याच अक्षरातली यादी. ल्युबा ती घरी फ्रिजवर लावून गेली होती.

"हेच सगळं दे. तंबू हाच, स्टोव्ह हाच, स्लीपिंग बॅग हीच. तिला रात्री कसं वाटलं असेल ते मला कळू दे."

मी तंबू काढला. स्टोव्ह काढला. पातळ स्लीपिंग बॅग समोरच्याच फळीवर होती. ती दिली असती तर विषय तिथेच मिटला असता, आणि ऑक्टोबरात त्या उंचीवर हा म्हातारा दोन रात्री काढू शकला नसता. मी शिडी लावून वरची जाड काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही नाही. यादी बघ," ते म्हणाले. "जाड खोडलंय तिने. घसा कोरडा करून सांगितलं होतं, जाड घे. हो हो म्हणाली आणि इथे येऊन आपलंच खरं केलं. मला इतका राग आला, ब्लांका, की मी तिला स्टेशनवर सोडायलासुद्धा गेलो नाही."

माझी चूक मला माहीत होती. त्या चुकीची केवढी किंमत या माणसाने भरली होती, ते मला आत्ता कळत होतं.

"तिने नाही खोडलं, काका. मी खोडलं."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"तिने जाडच मागितली होती. बाबांना शब्द दिलाय म्हणाली. मी तिची चेष्टा केली. सगळ्यांदेखत. साडेसातशे ग्रॅम वाचवायला."

ते मला शिव्या देतील, कानाखाली मारतील, असं वाटलं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ते पाठीवरच्या सॅकसकट स्टुलावर टेकले.

"म्हणजे तिने मागितली होती," ते म्हणाले.

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"हो, काका."

त्यांनी कागद पुन्हा उघडला, त्या एका ओळीवरून अंगठा फिरवला. नंतर चष्मा पुसला.

"जाड दोन दे," ते म्हणाले. "एक माझी, एक तिची."

मी त्यांच्या पाठीवरची सॅक उतरवून वाळूच्या पिशव्या काढल्या आणि सामान भरायला घेतलं. त्या गुडघ्याला एक बॅगच जड होती, दोन घेऊन ते खिंडीपर्यंतही पोचणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. या दुकानात ते सांगणं हेच माझं काम, आणि ते मी सांगितलं नाही. दुसरी बॅग आत मावत नव्हती. बाहेर बांधायची म्हणून मी ती सॅकच्या तळाशी धरून बघितली, म्हणजे निदान तोल जाणार नाही.

"खाली नको, वर बांध," काका म्हणाले. "ती भेटली की पटकन काढता आली पाहिजे."

मी वर बांधली.