एकतीसला तीन रेघा

मी एक कापडी टेप बोलतोय. माझं ऐका, पण लगेच खरं धरू नका. माझाच माझ्यावर पुरता विश्वास नाही.

नावड्याच्या गिरजाबाईंच्या शिलाई मशीनवर माझी बारा वर्षं गेली. ब्लाऊजचं माप देताना बायका हळूच श्वास आत ओढायच्या. तेव्हापासून मी माणसांकडे संशयानेच बघतो.

परवा त्यांची सून नंदिनी मला त्यांना न विचारता घेऊन गेली. ती एका प्रसूतिगृहात सिस्टर आहे. तिथला प्लास्टिकचा टेप सापडत नव्हता. आपल्यावाचून अडलं, म्हणून मी सुखावलो. तिथेच चुकलो.

आज तिथे दीक्षाला मुलगी झाली. दीक्षा रबाळ्याला एका कंपनीत कामाला. तिसऱ्या महिन्यात तिला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. डेंग्यू नाही म्हटल्यावर घरचे निर्धास्त झाले. डॉक्टरांनी आणखी तपासणी करून घेतली, तर झिका निघाला. डासाच्या चाव्यातून आलेला हा ताप पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, हे तिला तेव्हा कळलं. सोनोग्राफीत डोकं बरं दिसलं, पण तिला ते पटेना. फ्रिजमागच्या ट्रेमधल्या पाण्यापासून डॉक्टरांच्या हसण्यापर्यंत सगळ्याचाच तिला संशय.

नंदिनीने मला बाळाच्या डोक्याभोवती धरलं. एकतीसला तीन रेघा. पूर्ण दिवसांच्या मुलीला निदान साडेएकतीस सेंटिमीटर, म्हणजे एकतीसवर पाच रेघा हव्यात.

"सिस्टर, लपवू नका. कमीय ना?"

नंदिनी डॉक्टरांना विचारते म्हणून बाहेर आली. दीक्षा बाळाच्या कपाळाकडे बघत राहिली, फक्त कपाळाकडे.

बाहेर गिरजाबाई सुनेचा डबा घेऊन आल्या होत्या. तिच्या हातात मला बघून म्हणाल्या, "ह्यो कशाला आनलास गो? तानलेला हाय तो. मी छातीला अर्धा इंच वाढवून धरते."

"आई, आधी नाही का सांगायचं?"

"तू इचारलंस कवा?"

ताणलेला टेप माप कमी दाखवतो. मला हे ठाऊक होतं का? असावं. कुणी विचारलं नाही, म्हणून गप्प बसलो असेन.

नंदिनीने दुसऱ्या वॉर्डातून नवा टेप आणेपर्यंत पाऊण तास गेला. एकतीसला आठ रेघा. दीक्षाने तीनदा मोजायला लावलं. डॉक्टर म्हणाले, डोकं ठीक आहे. पण डोळे, कान, वाढ तपासत राहायचं, एका मापावर विसंबायचं नाही.

मग कुठे दीक्षाने बाळाचा चेहरा पाहिला. "नाक बापाचं घेतलंय," ती म्हणाली.

तिचा तो पाऊण तास मी चोरला. नंदिनी, मला परत शिवणाच्या डब्यात ठेवू नकोस. कात्रीने तुकडे कर. अखंड राहिलो, तर उद्या कुणीतरी मला पुन्हा खरा मानेल.