रिकाम्या नळ्यांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी काळी पिशवी आहे. माझी चेन अर्ध्यावर अडते, एक कोपरा उसवला आहे आणि दाराआडच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्याकडे कुणी बघत नाही. खरं तर कुणी बघू नये, म्हणूनच मला शिवलं होतं.

"साधी शिवा. वर नाव नको, चित्र नको," असं शिवणाऱ्या बाईंना बजावलं होतं. मग आम्हा बहिणींचा ढीग एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेला. तिथे एका नव्या औषधी जेलची चाचणी चालू होती. नवऱ्याकडून बायकोला एचआयव्हीची लागण होऊ नये, म्हणून बाईने संबंधाआधी आपलं आपण आत लावायचं जेल. फरक कळावा म्हणून काही नळ्यांत औषध होतं, काहींत नुसतंच जेल. कुणाला काय मिळालं, ते तिथल्या सिस्टरलाही ठाऊक नव्हतं. माझ्यात काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझी मालकीण लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नवरा ट्रकवर. कंडोमचं नाव काढलं की त्याचं एकच, "माझ्यावर संशय घेतेस?" मग ती विषय सोडायची. जेलसाठी मात्र कुणाला विचारावं लागत नव्हतं.

दर महिन्याला ती माझ्यातून रिकाम्या नळ्या परत न्यायची आणि भरलेल्या आणायची. सिस्टर रक्त घ्यायची, "आग, खाज काही?" असं विचारून लिहून घ्यायची. मग पेन खाली ठेवून म्हणायची, "आणि तू कशी आहेस?" लॉन्ड्रीत लोक फक्त शर्टांची चौकशी करत. हा प्रश्न मालकिणीला दुसरं कुणीच विचारत नसे.

एके दिवशी नणंदेने मला गादीखालून ओढून काढलं. "वहिनी, हे काय गं? ज्यांना तो रोग असतो ना, त्याच वापरतात असलं. दादाला सांगू?"

त्या दिवसापासून मालकिणीने जेल लावणं सोडलं. पण दवाखाना सुटेना. ती नळ्या मोरीत पिळायची आणि रिकाम्या करून माझ्यात भरायची. सिस्टर कौतुकाने म्हणायची, "सगळ्या तुझ्यासारख्या असत्या तर माझे केस तरी काळे राहिले असते." मालकीण हसायची. तिचा हात मात्र माझे बंद आवळून धरायचा.

मग एकदा सिस्टर एका नव्या बाईला समजावत होती. "त्रास झाला तर झाला म्हणा, लावलं नाही तर नाही म्हणा. तुम्ही आमचं मन राखायला बोललात, तर त्या भरवशावर उद्या हे कितीतरी बायकांना देऊ आम्ही. मग त्यांचं काय?"

मालकीण बाकावर बसून ऐकत होती. खरं सांगितलं तर नाव कापतील आणि हा दरवाजा बंद होईल, एवढंच तिच्या मनात होतं. आत गेल्यावर तिने मला टेबलावर ठेवलं.

"सिस्टर, या मी मोरीत ओतल्यात. मागच्याही. त्रास नाही म्हणाले, पण लावलंच नव्हतं."

सिस्टरने नळ्या मोजून बाजूला ठेवल्या. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "बरं झालं बोललीस. नाव नाही कापत गं. न लावल्याचंही लिहावं लागतं." आणि मग विचारलं, "तू कशी आहेस?"

पुढे सिस्टरने चाचणीचा निकाल सांगितला. जेलने अपाय झाला नव्हता, पण बायकांना होणारी लागणही थांबली नव्हती.

"मग सगळं फुकटच?" मालकिणीने विचारलं.

"फुकट कसं? हा रस्ता पुढे जात नाही, हे कळलं. पुढचे दुसरा शोधतील."

काम संपलं. तरी पुढच्या महिन्यात, नेहमीच्या दिवशी, मालकीण मला घेऊन निघाली. मी रिकामीच होते. खोलीत दातांच्या डॉक्टरची खुर्ची बसवत होते. "ते लोक गेले, बाई," कुणीतरी म्हणालं. ती मला मांडीवर घेऊन बाकावर बसली, मग घरी आली.

अजूनही ती कधीकधी मला खिळ्यावरून काढते, चेन ओढून बघते आणि पुन्हा टांगते. आत काही ठेवत नाही.

मित्रांनो, माझा कोपरा शिवला नाही तरी चालेल. पण कुणा बाईकडून खरं काढून घेतलंत, तर काम झाल्यावरही कधीतरी तिचं दार वाजवा आणि विचारा, तू कशी आहेस.