बारा तुकडे आणि एक आत्या

मी कादंबरी बोलतेय. नऊ वर्षांची एक मुलगी अठराची कशी होते, त्याची गोष्ट माझ्या पोटात आहे. अंगभर अक्षरं आहेत, पण मला स्वतःला एकही वाचता येत नाही. हसू नका. तुमच्या पाठीवर तीळ किती, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे? कोणी मोठ्यानं वाचलं तरच मला कळतं की मी काय सांगतेय. शाळेत मी चोवीस वर्षं काढली, शिकले काही नाही. तिथं राहून न शिकणारी मी एकटीच होते, असं मात्र समजू नका.

तर, एक होता इस्त्रीवाला. एक त्याची बायको, एक त्यांची मुलगी भिंगरी, आणि त्या तिघांना मिळून एक आत्या. आत्या इस्त्रीवाल्याची थोरली बहीण. दुकान तिचं, शब्द तिचा आणि चहाचा पहिला घोटही तिचाच. इस्त्रीवाला दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य बोलायचा, “अक्का म्हणेल तसं.” बायको तेवढंही बोलायची नाही. भिंगरी मात्र नावाप्रमाणे गरगरायची आणि “मग पुढं?” विचारून समोरच्याला घेरी आणायची.

पण त्यांच्या घरी मी पोचले ती पुढं. आधी माझी दशा ऐका.

छापखान्यात माझी सोळा-सोळा पानं घडी घालून बारा फर्मे झाले. एका बाईनं ते दोऱ्यानं असे शिवले, की तिच्या पोरीचा परकरही तिनं इतक्या मायेनं शिवला नसेल. मग वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाव. तिथून मी थेट शाळेच्या कपाटात. त्या कपाटाला एकच किल्ली. उघडलं तर किल्ली हरवेल, म्हणून कपाट उघडायचंच नाही, असा तिथला नियम. वर पाटी होती, ‘वाचाल तर वाचाल’. एकोणीस वर्षं मी ती पाटी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून आतून ऐकली.

मग आले म्हणजे-सर. ते तास घ्यायचे, पण तासभर एकच प्रश्न विचारायचे, “म्हणजे?” म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. वरच्या शाळेत जायला शब्दांची तोंडी परीक्षा असायची आणि शब्द माझ्यातून निघायचे. सरांनी किल्ली मागून घेतली, तेव्हा मला वाटलं, आता आपली गोष्ट ऐकायला मिळणार! कसलं काय. त्यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि माझ्या अंगावर अवघड शब्दांखाली रेघा ओढल्या. शेंगा फोडून दाणे खावेत, टरफलं फेकावीत, तसं. गोष्ट म्हणजे टरफल.

पोरांनी एकेक शब्द दहादा लिहायचा, त्याचे तीन अर्थ पाठ करायचे, मग वाक्यात उपयोग. एकानं लिहिलं, “माझे बाबा रोज संध्याकाळी विलाप करतात.” सरांनी बरोबरची खूण केली. वाक्य शुद्ध होतं ना!

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी परीक्षेला मुलं बसली अकरा, आणि मी एकटी. एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता परीक्षा उलटून जायची. सरांनी डोकं चालवलं. शाळेत कोणी डोकं चालवलं की मला धडकीच भरते. त्यांनी पातं घेतलं, माझा दोरा कापला आणि माझे बारा फर्मे सुटे केले. अकरा मुलांना अकरा वाटले. ज्याचा फर्मा, त्याचे शब्द. “श्रमविभागणी!” सर म्हणाले. आणि स्वतःलाच विचारलं, “म्हणजे?”

बाराव्या फर्म्यात तांबडी रेघ एकही नव्हती. माझा शेवट अगदी सोप्या शब्दांत लिहिला होता म्हणे. म्हणून तो सरांकडेच राहिला.

मग काय विचारता! तिसऱ्या फर्म्याच्या मुलीला ‘विलाप’ चोख पाठ होता, पण मेलं कोण, ते ठाऊक नव्हतं. आठव्यावाल्याच्या पानांत नुसती होडी आणि पूर, त्यामुळं ही होडीची गोष्ट आहे असं तो छातीठोकपणे सांगायचा.

भिंगरीच्या वाट्याला आला सातवा. मी तिच्या दप्तरातून इस्त्रीच्या दुकानात आले. म्हणजे माझ्या बारा तुकड्यांतला एक आला. तिनं पहिली ओळ वाचली. ‘म्हणून ती त्या दिवसापासून काकूशी बोललीच नाही.’ संपलं! ‘म्हणून’ म्हणजे कशामुळं? कोण काकू? पोरीला चैन पडेना. सरांना विचारलं, तर सर म्हणाले, “ते सहाव्या फर्म्यात. तुला त्याचं काय? तू आपले शब्द कर.”

घरी आत्याचा हुकूम निघालेला होताच. “नापास झाली की त्याच दिवशी दुकानात उभी राहील. कोळसा, पाणी, घड्या. मी आठव्या वर्षी इस्त्री उचलली, तेव्हा मला कोणी विचारलं होतं? तीन दिवस गेले होते मी शाळेत. ‘ग’ पर्यंत आले होते.”

“अक्का म्हणेल तसं,” इस्त्रीवाला म्हणाला.

भिंगरीनं मात्र वेगळाच व्यवहार मांडला. एका फर्म्याला एक सदरा. वर्गातल्या मुलानं आपला फर्मा आठवडाभर द्यायचा, भिंगरीनं त्याचा गणवेश कडक इस्त्री करून द्यायचा. पहिल्यापासून ओळीनं ती एकेक फर्मा आणत गेली. शाळेत अचानक सगळ्यांच्या कॉलरी सुरीसारख्या दिसू लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, शिस्त वाढली.

आत्याच्या नजरेतून काय सुटणार? एका दुपारी तिनं गठ्ठा उपसला.

“हे फुकटचे सदरे कुणाचे गं?”

भिंगरीनं खरं ते सांगून टाकलं.

“गोष्टीसाठी? माझे कोळसे जाळून गोष्टी?” आत्या कडाडली. “बघू तरी कसली गोष्ट ती. वाच. मोठ्यानं. मला कळू दे माझे कोळसे कशात गेले.”

अहो, त्या दुपारी मी माझी गोष्ट पहिल्यांदा ऐकली! चोवीस वर्षांची बाई, स्वतःच्याच पोटातलं ऐकत मेजावर पडले होते. नावाड्याची मुलगी, तिचा बाप तापानं जातो (विलाप तो होता, कळलं का?), मग ती काकूकडे येते. काकूच्या घरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबते. तिला नदीपलीकडे शिकायला जायचं असतं आणि काकू जाऊ देत नाही.

आत्या इस्त्री फिरवता फिरवता थांबली. “बाई बाई, काय दुष्ट आहे ही काकू! पोरीचा असा जीव घेतात का?”

इस्त्रीवाला बटणं मोजायला लागला. बायकोनं तोंड फिरवून पाण्याचा शिडकावा केला, तो चादरीवर कमी आणि भिंतीवर जास्त पडला.

“हसायला काय झालं गं तुला?” आत्या म्हणाली.

“नाही हो वन्सं, ठसका लागला.”

त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक आलं की आत्या हातानंच थांबवायची. मध्येच माझ्याशी भांडायची. “हे खोटं आहे. एवढ्या तापात माणूस एवढं लांबलचक बोलत नाही.” मला पटायचं. शब्दांचं भिंगरी काहीच करत नव्हती. अडलं की पुढं वाचायची, आणि पुढं गेल्यावर मागचं आपोआप उलगडायचं. अकरावा फर्मा संपला तेव्हा मुलगी उंबऱ्याशी उभी होती, आणि काकू आतल्या खोलीत. मुलीचं विचारायचं धाडस होत नव्हतं. तिथंच पान संपलं.

“मग पुढं?” हे आत्यानं विचारलं बरं का, भिंगरीनं नाही.

“पुढचं सरांकडे आहे. देत नाहीत.”

परीक्षेचा दिवस आला. भिंगरीच्या दप्तरात सातवा फर्मा होताच, म्हणून हेही माझ्या कानावरचं. वरच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या, चष्मा लावून बसल्या आणि त्यांनी शब्द विचारले. पण मनाला येतील तसे. त्यांना काय ठाऊक, की इथं शब्दांच्या वाटण्या झाल्यात?

“संकोच म्हणजे काय?” त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं.

“तो माझा नाही, बाई. तो खिडकीजवळच्या मुलीचा आहे.”

“बरं. तू सांग, अगतिक?”

“माझ्यात नाही, बाई. माझ्यात पूर, प्रलय आणि प्रवाह.”

मोठ्या बाई सरांकडे बघायला लागल्या. सर छताकडे बघायला लागले. दहा मुलं अशी ओळीनं आडवी झाली.

मग भिंगरीची पाळी. “अगतिक?”

तिला तीन अर्थांतला एकही येत नव्हता. ती म्हणाली, “होडी पलीकडच्या काठाला आहे, वल्हंही पलीकडेच आहे आणि अलीकडे बाप तापानं फणफणलाय. तेव्हा ती मुलगी जशी उभी राहते ना बाई, तसं.”

“असा अर्थ नसतो!” सर म्हणाले.

“थांबा हो तुम्ही. संकोच?”

“काकूच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसल्यावर भूक राहिलेली असते, पण ती वाढा म्हणत नाही, पाणीच पिते.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणखी नऊ शब्द विचारले. नऊला नऊ प्रसंग मिळाले. अकरा मुलांत एकटी भिंगरी पास. बापाची सही घेऊन आठ दिवसांत अर्ज पाठवायचा, की वरच्या शाळेत जागा, तिथंच वसतिगृहात राहायचं.

भिंगरी धावत दुकानात आली. आत्या म्हणाली, “पास झालीस? बरं झालं. आता कोळसे घाल.”

तेव्हा भिंगरीची आई जन्मात पहिल्यांदा उलट बोलली. “वन्सं, नापास झाली तर दुकानात, असं ठरलं होतं.”

“हो. पण पास झाली तर सोडते, असं कुठं म्हटलं होतं मी?”

सगळे इस्त्रीवाल्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, “अक्का...” आणि पुढचं वाक्य गिळून बसला. त्याच्या मानानं हे बंडच म्हणायचं. पण सही काही त्यानं केली नाही.

आठातले सहा दिवस गेले. अर्ज मेजावर, त्यावर इस्त्री. सातव्या दिवशी आत्यानं चप्पल घातली आणि भिंगरीला म्हणाली, “दप्तर घे, चल शाळेत. त्या काकूनं तिला जाऊ दिलं की नाही, एवढं मला कळू दे.”

म्हणजे-सर मेजाशी बसले होते.

“शेवटचा भाग? त्यात अवघड काही नाही हो आजी.”

“आजी कोणाला म्हणता? गोष्ट संपली कशी, ते सांगा.”

“ते... परीक्षेला नसतं.”

“पाच वर्षं हेच पुस्तक शिकवताय ना?”

“हो.”

“आणि शेवट ठाऊक नाही?”

सरांची नजर खाली गेली, आत्याची तिच्यामागून गेली. माझा बारावा फर्मा घडी घालून मेजाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होता! आत्यानं एका हातानं मेज उचललं. चाळीस वर्षं इस्त्री उचललेला हात तो. दुसऱ्या हातानं मला ओढून काढलं. शाईची दौत सरांच्या सदऱ्यावर कलंडली.

“आणून द्या दुकानात,” आत्या म्हणाली. “डाग निघेल याची हमी नाही.”

दुपारी भिंगरीनं शेवट वाचला. खरंच त्यात एकही अवघड शब्द नव्हता. मुलगी विचारत नाही. पहाटे दार लोटून, न सांगता निघून जाते. काकू जागीच असते. तिनं आदल्या दिवशीच पोरीसाठी शिदोरी बांधून फडताळात ठेवलेली असते. पोरीनं विचारलं की हातात द्यायची, असं ठरवून बसलेली. शिदोरी फडताळातच राहते. होडी निघते. संपलं.

इस्त्रीखालची चादर करपली, तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“मूर्ख बाई,” आत्या शेवटी म्हणाली. “बांधली होतीस तर द्यायची होतीस. विचारायची कसली वाट बघत बसलीस?” मग ती भिंगरीकडे न बघता म्हणाली, “कुठं आहे तो कागद? अंगठा कुठं लावायचा?”

“अक्का, सही बापाची लागते,” इस्त्रीवाला म्हणाला.

“मग कर ना! का तेही मीच सांगू? आणि माझाही अंगठा राहू दे एका कोपऱ्यात. कार्टे, इकडं ये. जायचं ते दिवसाउजेडी, मला सांगून जायचं. सुट्टीला यायचं. आणि गबाळा सदरा घालून वरच्या शाळेत मिरवलीस, तर तंगडं मोडीन.”

भिंगरी गेली. जाण्याआधी तिनं परीक्षेनंतर कोणालाच नको झालेले बाकीचे फर्मे गोळा केले, आणि आमच्या इस्त्रीवाल्यानं दोरा आणि कपड्यांना लावायची खळ घेऊन माझे बाराही फर्मे शिवून चिकटवले. खळ अंमळ जास्त झाली. आता मी उघडताना कडकडते. शाळेनं मला परत मागितलं, तेव्हा आत्यानं जुन्या चादरीची जाड घडी पाठवून दिली. मेजाच्या पायाला हीच बरी, असा निरोप दिला.

तर बाळांनो, तांबड्या पेन्सिली जपून वापरा. शब्द पाहिजेत तेवढे न्या, माझं ना नाही. पण पोरीचं पुढं काय झालं, एवढं तरी विचारत चला.

आमचं म्हणाल, तर बरं चाललंय. वरच्या शाळेच्या मोठ्या बाईंना भिंगरीचे अर्थ आवडले होते, पण तिच्या कॉलरीचा त्यांच्या मनावर जास्त परिणाम झाला. मोठ्या माणसांचं असंच असतं. वसतिगृहाच्या सगळ्या चादरी आणि गणवेश आता आमच्याच दुकानात येतात. दुकानाला शेजारची खोली जोडली, दोन नव्या इस्त्र्या आल्या. भिंगरीची आई गिऱ्हाइकांशी घासाघीस करते, इतकी बोलते की विचारू नका. आणि आत्या माझ्यावर बोट ठेवून ‘ग’च्या पुढं निघाली. काकूची पानं तिला आता तोंडपाठ आहेत.

दर आठवड्याला गठ्ठा येतो. सगळ्यात वरच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी असते. आत्या हात पुसते, चिठ्ठी उलगडते आणि एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचते. समोर चार गिऱ्हाइकं ताटकळतात.

“आत्याबाई, आमचे कपडे?”

“थांबा हो,” आत्या म्हणते, “पोरीचं पत्र आलंय.”