वशाट वासाचं नारिंगी जॅकेट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. एके काळी चांगला नारिंगी होतो, आता उन्हानं विटून पपईच्या सालीसारखा दिसतो. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा घाबरट आहे. माझ्या पोटात फोम भरलेला आहे आणि त्या फोमच्या आत भीती. तुम्ही म्हणाल, लाइफ जॅकेटनं भ्यायचं म्हणजे काय? पण विचार करा. ज्याच्यावर वेळ आली की एकदाच काम करायचं आणि ते चुकलं तर संपलंच, त्यानं नाही भ्यायचं तर कुणी भ्यायचं?

माझा जन्म मेलबर्नमध्ये, डँडेनॉन्गजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. मला शिवलं नीलिमानं. ती शिवता शिवता कानातल्या फोनवर नाशिकच्या बहिणीशी बोलायची, म्हणून मी शाळेत न जाता मराठी शिकलो. सासूचं गुडघेदुखीचं औषध, भाच्याचं लग्न, सगळं माझ्या कानावर पडलं. खांद्याची शिवण घालून झाली की ती पट्टा दोन्ही हातांनी खस्सकन ओढायची आणि म्हणायची, "बघू, धरतोस का." मी धरला. तेवढंच एक कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि ते मी जपून ठेवलं.

तिथून मी पार वर डार्विनला आलो, वेन नावाच्या माणसाच्या बोटीवर. वेन लोकांना खाडीच्या तोंडाशी मासेमारीला नेतो. पाहुणे येतात ते मोठ्या माशांसाठी. चंदेरी जिताडा गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो आणि बहुतेक वेळा गळ झटकून पळतो. दुसरा मासा तळाशी राहतो. इथले लोक त्याला ज्यूफिश म्हणतात, आपली मराठी माणसं पाहिल्याबरोबर म्हणतात, अरे, ही तर घोळ! मोठी घोळ ओढायला लागली की चांगला धडधाकट माणूस बोटीच्या कडेला जाऊन टेकतो.

आणि तिथे मगरी आहेत. साध्यासुध्या नाहीत, खाऱ्या पाण्यातल्या. तिवरांखालच्या चिखलात त्या ओंडक्यासारख्या पडून असतात. वेन दर फेरीला सांगतो, हात पाण्यात घालायचा नाही, कडेवरून वाकायचं नाही, जॅकेट काढायचं नाही. पाहुणे मान डोलावतात आणि थोड्या वेळानं "उकडतंय" म्हणत माझं बकल सोडतात. मग मी बाकाखाली, माकुळाच्या आमिषाच्या डब्याशेजारी. असं कितीतरी वर्षं चाललं. माझ्या अंगात तो वास मुरला, एका कोपऱ्यात बुरशी आली. मला पाण्यात पडलेल्या माणसाचा भार एकदाही पेलावा लागला नव्हता. चांगलंच की, तुम्ही म्हणाल. पण मला रात्रंदिवस एकच धास्ती, माझा फोम अजून तरंगतो का? हे मलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. सलिल, त्याची बायको मिताली आणि सलिलची आई वासंतीबाई अशी तीन माणसं बोटीवर आली. सलिल इथल्या गॅसच्या प्लांटवर इंजिनीअर. घोळीसाठी तो किती दिवस झुरत होता. वासंतीबाई रेवदंड्याच्या, मुलाकडे पाहुण्या आलेल्या. त्यांच्या पिशवीत शेंडी राखलेला नारळ होता, हळद-कुंकू होतं आणि नारळीभाताचा डबा. मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं! वेननं मला त्यांच्याच अंगावर चढवलं.

त्यांनी नाक मुरडलं. "ह्याला किती वशाट वास येतोय गं."

"आई, स्मेल येऊ दे, पण काढू नका हं," मिताली म्हणाली.

वेननं खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला. समोरच्या चिखलात एक मगर पसरलेली होती, तोंड उघडं टाकून. सगळ्यांनी फोटो काढले. मी मात्र तिच्यावरून नजर हलवली नाही.

सलिलनं रॉड उचलला तशी आई म्हणाली, "गळ नंतर. आधी समुद्राला नारळ."

"आई, टाइड टर्न होतेय. हीच वेळ असते. पाच मिनिटांनी कर ना तुझं."

"श्रावण अजून सुटला नाही, सलिल. नारळाआधी गळ टाकत नाहीत."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय," त्या म्हणाल्या. पण त्यानं गळ टाकला. वासंतीबाईंचा चेहरा उतरला. त्या घाईनं पूजेला लागल्या, निदान मासा लागायच्या आत नारळ जावा म्हणून.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळं बिघडलं. देवाचं करायचं म्हणून त्यांनी आधी बूट काढले. ओल्या, बुळबुळीत डेकवर त्या अनवाणी उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझं बकल उघडलं. श्रावणातली पूजा आणि अंगावर माशाचा वास, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मला उतरवून बाजूला ठेवलं, तेही हलक्या हातानं. मला राग आला नाही. मला नुसती भीती वाटली.

वेन जाळं शोधत होता, त्याची पाठ होती. "जॅकेट, प्लीज," तो मागे न बघताच म्हणाला. मिताली वळली. "आई, वाकू नका. नारळ फेकून द्या ना."

"देवाला देताना फेकतात का?" असं म्हणून वासंतीबाई दोन्ही हातांत नारळ धरून कडेवरून वाकल्या. त्यांना तो पाण्यावर अलगद ठेवायचा होता.

त्याच क्षणी सलिलचा रॉड खाली वाकला. घोळ लागली होती. तो तोल सावरत आईच्याच बाजूला धावला, वेनही धावला, बोट एका अंगाला कलली, आणि वासंतीबाईंचे पाय सटकले. नारळ पाण्यात पडला आणि त्याच्या मागोमाग त्या.

मी चिखलाकडे पाहिलं. काठ रिकामा होता. मगर कधी पाण्यात उतरली ते कुणीच पाहिलं नव्हतं, या गडबडीत मीसुद्धा.

ओहोटीची ओढ लागली होती. वासंतीबाई बोटीपासून दूर चालल्या होत्या. डोकं वर येई, पुन्हा खाली जाई. सलिलच्या हातात रॉड होता, ज्याच्यासाठी तो झुरला तो मासा त्याच्या टोकाला होता. त्यानं रॉड सोडून दिला. रॉड सरळ पाण्यात गेला. तो स्वतः उडी घेणार तोच वेननं त्याला कमरेला धरून मागे खेचलं. "नो, मेट. यू जंप, देन आय हॅव टू." मग त्यानं चाकूनं नांगराचा दोर कापला आणि इंजिन चालू केलं.

मितालीनं मला उचललं आणि भिरकावलं.

पाण्यावर आपटलो आणि आधी खाली गेलो. गार, गढूळ अंधार. मला वाटलं संपलं, माझा फोम मेला आहे. मग पोटातून काहीतरी वर ढकलू लागलं आणि मी वर आलो. मित्रांनो, मी तरंगत होतो.

वासंतीबाईंच्या हाताला माझा पट्टा लागला. त्यांनी मला छातीशी कवटाळलं, एक हात माझ्या बाहीच्या भोकात घातला, नाक माझ्या त्याच वासात खुपसलं. त्यांचं हृदय धडधडत होतं आणि मला कळेना की धडधड त्यांची की माझी. पाय पाण्यात लोंबत होते. खाली काय होतं ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. "पाय वर घ्या, पाय वर घ्या," मी ओरडत होतो, पण जॅकेटचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

बोट जवळ आली. वेननं आकड्याची काठी पुढे करून माझ्या खांद्याच्या पट्ट्यात अडकवली आणि ओढलं. वासंतीबाईंचा सगळा भार त्या एका शिवणीवर आला. टरकन आवाज झाला. अर्धी शिवण उसवली. मला नीलिमाची आठवण झाली. बघू, धरतोस का. मी धरलं. उरलेल्या अर्ध्या शिवणीनं धरलं, तोवर सलिलचे हात आईच्या काखेत पोचले होते.

डेकवर त्या खोकत पडल्या. मिताली त्यांना पोटाशी धरून रडत होती. मागे पाण्यावर नारळ डुलत चालला होता. अचानक पाणी घुसळलं, एक रुंद जबडा वर आला आणि मिटला. नारळ दिसेनासा झाला.

खोकला थांबल्यावर वासंतीबाई म्हणाल्या, "पोचला म्हणायचा."

सलिल त्यांच्या पायांशी बसला. "सॉरी, आई. मी थांबायला हवं होतं."

"मीही अंगातलं काढायला नको होतं रे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

धक्क्यावर परतल्यावर वेन मला कापून कचऱ्यात टाकणार होता. उसवलेलं जॅकेट दुसऱ्याच्या जिवावर बेततं, हे त्याचं बरोबरच. पण वासंतीबाईंनी मला मागून घेतलं. त्यांनी मला रिठ्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं. वास गेला नाही.

मग खंडेनवमी आली. पाटावर सलिलचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मितालीचा स्टेथोस्कोप मांडला होता. वासंतीबाईंनी मला आणून मधोमध ठेवलं.

"आई, ह्याला अजून स्मेल येतोय," सलिल म्हणाला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या आणि माझ्या उसवलेल्या खांद्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

आता मी सलिलच्या गराजमध्ये खुंटीवर असतो. शेजारी सलिलनं आणलेली नवी जॅकेटं आहेत, करकरीत आणि भित्री. मी त्यांना सांगतो, भीती वाटू दे, तिनंच आपण जागे राहतो. यंदा नारळी पौर्णिमेला रेवदंड्याला परतलेल्या वासंतीबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा सलिल नारळ घेऊन दारात उभाच होता. त्यांनी मुहूर्त विचारला नाही, नारळाला शेंडी आहे का तेही विचारलं नाही. म्हणाल्या, "आधी बकल लावून दाखव."

मित्रांनो, पाण्यावर जाल तेव्हा माझ्यासारखं एखादं तुमच्याही पुढ्यात येईल. त्याला वास येत असेल. नाक मुरडा, आमची काही तक्रार नाही. पण बकल लावा.